सर्पनिरीक्षण : डोळ्यांनी करावयाचा छंद

सोलापूर - मृगाचा पाऊस पडून गेला, की भवानी पेठेतील घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती या दाट वस्त्यांतून 'साप निघाला' अशी हाक ऐकू येऊ लागते. घरालगतचे यंत्रमाग, सुताची पोती, चिंध्यांचे ढीग आणि उघडी गटारे यांच्या आश्रयाने उंदीर वाढतात आणि उंदरांच्या मागावर साप येतात. हाक ऐकून कोणी काठी घेऊन धावतो, तर कोणी सर्पमित्राला दूरध्वनी करतो. साप नुसता पाहावा, त्याची ओळख पटवावी, वहीत नोंद करावी आणि आल्या वाटेने परतावे, या हेतूने बाहेर पडणारा तिसरा माणूस मात्र आपल्याकडे क्वचितच आढळतो. पक्षिनिरीक्षकांची पथके पहाटे हिप्परग्याच्या तलावावर दिसतात. सापांच्या बाबतीत मात्र छंद म्हणजे पकडणे, असेच समीकरण महाराष्ट्रात रूढ झाले आहे.

त्यामागे इतिहास आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेत काम केलेले डॉ. पी. जे. देवरस यांचे भारतीय सापांवरील पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने 1965 मध्ये प्रसिद्ध केले आणि सामान्य वाचकाला सापांची शास्त्रीय ओळख झाली. परंतु लोकांच्या मनावर ठसा उमटला तो 1980 मध्ये. त्या वर्षी पुण्यात नीलिमकुमार खैरे काचेच्या खोलीत 72 विषारी सापांसमवेत 72 तास राहिले. साप विनाकारण चावत नाही, हे त्यांना दाखवून द्यायचे होते. पुढे 1986 मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले आणि गावोगावी सर्पमित्र तयार झाले. असंख्य साप त्यामुळे काठीपासून वाचले, हे निर्विवाद आहे. मात्र अनेक तरुणांनी त्या प्रयोगातला विचार न घेता केवळ धाडस उचलले. गळ्यात नाग घालून काढलेली छायाचित्रे हे त्याचेच फळ होय.

भारतात सापांच्या 300 हून अधिक जाती आहेत. सह्याद्रीतील चापडा किंवा खापरखवल्या सोलापूरच्या कोरड्या माळावर शोधून सापडणार नाही. येथे गाठ पडते ती नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी सापांशी आणि धामण, तस्कर, कवड्या, कुकरी, धूळनागीण, दुरक्या घोणस, मांडूळ, पाणथळीतील दिवड अशा बिनविषारी सापांशी. मांडुळाला 'दुतोंड्या' समजून गुप्तधनाच्या खुळापायी त्याची तस्करी होते. त्यातच सोलापूर हे तीन भाषांचे शहर. मराठीतला साप तेलुगू विणकराच्या घरी 'पामु' आणि कन्नड शेजाऱ्याकडे 'हावु' होतो. एकाच सापाला गल्लीगणिक वेगळे नाव मिळते. त्यामुळे नुसत्या नावावर विसंबून चालत नाही, खवल्यांकडेच पाहावे लागते.

साप शोधण्याची कला ही मुख्यतः संथ चालण्याची कला आहे. सापाला बाह्यकर्ण नसतात, पण जमिनीची कंपने त्याला चटकन जाणवतात. धपाधप पावले टाकणाऱ्याला साप दिसत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात धामण बांधावर पहुडलेली दिसते. नाग सायंकाळच्या सुमारास आढळतो. मण्यार, कवड्या आणि फुरसे हे मात्र रात्रीचे. त्यासाठी जाड बूट, पूर्ण पायघोळ विजार, दोन विजेऱ्या आणि एक सोबती एवढे साहित्य पुरते. दगड उलटायचाच असेल, तर पलीकडची कड उचलून आपल्याकडे घ्यावी, म्हणजे दगडच आड राहतो, आणि पाहून झाल्यावर तो जसा होता तसाच ठेवावा. दगडाखालचा ओलावा हेच कित्येक जिवांचे घर असते. हात बिळात घालू नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

जिवंत साप दिसला नाही, तरी दिवस वाया जात नाही. टाकलेल्या कातीवरील खवल्यांच्या रांगा मोजून जात ओळखता येते. धुळीतला माग, उंदराच्या बिळाचे झिजलेले तोंड, साळुंक्यांचा एकाएकी उठलेला कालवा या सगळ्याच खुणा होत. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिल्या की लोक त्यांचे मीलन समजून त्यावर वस्त्र टाकायला धावतात. प्रत्यक्षात ती बहुधा दोन नरांची झुंज असते आणि ती दुरूनच पाहण्यासारखी असते.

ओळखीतील सर्वांत घातक चूक मण्यार व कवड्या यांच्यात होते. कवड्या बिनविषारी. पाली खाण्यासाठी तो भिंतींवर चढतो, म्हणून पेठेतल्या घरांतही सापडतो. त्याच्या अंगावरील पट्टे मानेपाशी ठळक असतात व शेपटीकडे पुसट होतात. मण्याराचे पांढरे, बहुधा जोडीने असलेले बारीक पट्टे याच्या उलट शेपटीकडे अधिक स्पष्ट असतात आणि पाठीच्या मध्यरेषेवर मोठ्या, षट्कोनी खवल्यांची रांग असते. ही रांग नीट दिसायला उजेड आणि स्वस्थ नजर लागते. घाईत, अंधारात पकडण्याच्या भरात ती कोणालाच दिसत नाही. अमेरिकी सर्पतज्ज्ञ जो स्लोविन्स्की यांचे उदाहरण जगभर सांगितले जाते. सप्टेंबर 2001 मध्ये म्यानमारच्या उत्तरेकडील जंगलात सहकाऱ्याने बिनविषारी म्हणून दिलेल्या पिशवीत त्यांनी हात घातला. आत मण्याराच्या कुळातला साप होता. साथीदारांनी तासन् तास तोंडाने श्वास पुरवूनही ते वाचले नाहीत. तेव्हा त्यांचे वय 38 होते. जिथे असा तज्ज्ञ चुकला, तिथे चार चित्रफिती पाहून शिकलेल्याने काय करावे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

कायद्याची बाजूही फारशा छांदिष्टांना ठाऊक नसते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत केवळ मारणे नव्हे, तर पकडणेही येते. 2022 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, नाग, घोणस, धामण आदी सापांना पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला 3 ते 7 वर्षे कारावास व किमान 25 हजार रुपये दंड आहे. नुसते पाहण्याला व छायाचित्र घेण्याला मात्र अडकाठी नाही, अभयारण्याची हद्द तेवढी सांभाळावी लागते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात रात्री विजेरी घेऊन हिंडता येणार नाही.

घरात शिरलेला साप हलवावा लागतो, हे खरे. ते काम वन विभागाला कळवून प्रशिक्षित सर्पमित्राकडूनच करून घ्यावे. तोही साप फार दूर नेऊन सोडणे हिताचे नाही. कर्नाटकातील अगुंबे येथे नागराजांना रेडिओ ट्रान्समीटर बसवून केलेल्या अभ्यासात, दूर नेलेला साप स्थानिक सापापेक्षा कितीतरी अधिक भटकत राहिल्याचे दिसले. सर्पमित्रांना ओळखपत्र व 10 लाखांचा अपघात विमा देण्याचे महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी 2025 मध्ये जाहीर केले होते. या कामात जीव जातो, याचीच ती कबुली म्हणावी लागेल.

सर्पदंशाचा प्रश्न छंदापेक्षा कितीतरी मोठा आहे. 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख लोक दगावले, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. मण्याराचा दंश अनेकदा दुखतही नाही. उन्हाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या मिटू लागतात आणि घरच्यांना अपचनाचीच शंका येते. घोणस व फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते तपासायला काचेची कोरडी नळी आणि 20 मिनिटे पुरतात. अशा वेळी दोरीने आवळणे, ब्लेडने चिरणे, मंत्रोपचार हे सारे टाळावे. दंश झालेला हात वा पाय हलू न देता रुग्णाला थेट शासकीय रुग्णालयात न्यावे. साप पकडून वा मारून सोबत नेऊ नये. त्या खटाटोपात दुसऱ्यालाही दंश होतो, आणि डॉक्टर जी लस देतात ती नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर एकच असते.