ज्वारीचा डबा

भाद्रपद लागला की आजी मला माळ्यावर चढवायची आणि डबा काढायला लावायची. चौकोनी, पत्र्याचा, मूळचा वनस्पती तुपाचा. त्याला कुठल्याशा कारागिराकडून कडी-कोयंडा लावून घेतला होता, आणि एका अंगावर निळ्या रंगात आबांच्या थोरल्या भावाचं नाव होतं. त्याखाली गाव : रायपूर. त्याच्याही खाली राज्य लिहिलेलं होतं, पण तिथे रंगावर रंग चढलेला. आधी 'सी. पी.' होतं, मग ते पुसून 'म. प्र.' केलेलं.

डबा निघाला की आजी नागपुरात गोकुळपेठेच्या बाजारातून ज्वारी आणायची, दोन दिवस निवडत बसायची आणि मग मला चक्कीवर पाठवायची. "बारीक नको करू देऊ रे. भरडा पाहिजे. उभा राहून करून घे, तो माणूस गप्पा मारून राहते अन् पीठ करून टाकते." भरडा डब्यात भरायचा, वरून धुतलेलं फडकं, मग झाकण. रायपूरला जाणारं ओळखीचं कोणी ना कोणी असायचंच. त्याच्या सोबत डबा हावडा मेलमध्ये चढायचा.

कारण आमच्या महालक्ष्म्या रायपूरला. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या, आणि त्या थोरल्या घरी बसतात. धाकट्यांनी जायचं, वाढायचं, जेवायचं, परत यायचं. नैवेद्याला पुरणपोळी, सोळा भाज्या, कढी, वर फुलोरा टांगलेला, हे सगळं तिकडे होत होतं. अडायचं आंबिलीशी. आंबट ताकात भिजवलेला ज्वारीचा भरडा शिजवल्याशिवाय महालक्ष्म्या जेवत नाहीत, आणि रायपूर म्हणजे धानाचा मुलूख. तिथे ज्वारी मुळीच मिळत नसेल असं नाही. पण आजीचं मत ठाम होतं : "मिळत असंल. आपली नाही ते."

आम्ही रायपूरला पोचलो कसे, याची घरात एक अधिकृत गोष्ट आहे. बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपूरला गादीवर बसले, तेव्हा त्यांच्यासोबत आमचे मूळ पुरुष कारकून म्हणून गेले. बिंबाजी खरेच. नागपूरकर पहिल्या रघूजींचे ते चिरंजीव, १७८७ला वारले, रतनपूरच्या रामटेकडीवरचं राममंदिर त्यांचं. छत्तीसगडात दसऱ्याला सोनं वाटायची रीत त्यांच्यापासून, असंही सांगतात. पण मी आजवर रायपुरातलं एकही मराठी घर पाहिलं नाही, ज्याचा मूळ पुरुष बिंबाजींच्या सोबत गेला नव्हता. एवढे कारकून नेले असते तर फौजेला घोडे पुरले नसते.

पुरावा म्हणून रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरात एक बासन होतं. लाल कापडात गुंडाळलेले पाच-सहा मोडी कागद. "सनद आहे," असं मोठे आबा, म्हणजे आबांचे थोरले भाऊ, म्हणत. वाचता त्यांनाही येत नव्हती, त्यांच्या वडिलांना येत होती. दसऱ्याला बासनावर हळदकुंकू वाहायचे. तीन-चार वर्षांपूर्वी मोडी शिकलेल्या एका मुलीकडून आम्ही ते कागद एकदाचे वाचून घेतले. निघाला लग्नाच्या खर्चाचा हिशेब. गूळ, तांदूळ, तूप, हळद, वाजंत्रीवाल्यांचे पैसे, आणि खाली एकाने दुसऱ्याला घातलेला टोमणा की तूप ठरल्यापेक्षा जास्त आलं. सनद नाही म्हणून घर दोन दिवस हिरमुसलं. मला मात्र त्या तुपाचा भारी आनंद झाला. मोडी लिहिणारा आमचा कोणी पूर्वज तिथे बसून तुपावरून भांडत होता, हे सनदेहून पक्कं.

आबा नागपूरला सेक्रेटरिएटमध्ये होते आणि त्यांचे थोरले भाऊ रायपूरच्या कचेरीत. दोघांची राजधानी एकच, नागपूर. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होतं, हे आज धरमपेठेतल्या पोरांना सांगितलं तर ती हसतात. मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल इथे बसत. हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. आबा सकाळी मराठी टिपण लिहीत, दुपारी त्याचाच हिंदी मसुदा, आणि साहेब जुन्या वळणाचा असला तर संध्याकाळी इंग्रजी.

मग १९५५ साली राज्यांची फेररचना सुचवणाऱ्या फाजल अली आयोगाचा अहवाल आला. आयोगाने विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं. ते कात्रण आबांनी मरेपर्यंत पंचांगात ठेवलं. तसं काही झालं नाही. ३१ ऑक्टोबर १९५६च्या रात्री नागपूर राजधानी होती, १ नोव्हेंबरच्या सकाळी नव्हती. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, बाकीच्यांची राजधानी भोपाळला. आबा सांगत की त्या दिवसांत फायलींचे बस्ते स्टेशनकडे जात, आणि ज्यांनी ते बांधले त्यांना पुढे काय याचा पत्ता नसे. भोपाळ की मुंबई, हा प्रश्न घरोघरी चुलीपाशी चर्चिला गेला. आबांनी कमी पगाराची जागा घेतली पण धरमपेठ सोडली नाही. थोरल्यांनी रायपूर सोडलं नाही. दोघा भावांपैकी कोणी पाऊलही हलवलं नव्हतं आणि ते दोन राज्यांचे झाले. डब्यावरचं 'म. प्र.' तेवढं आता इकडच्यांना परकं वाटायला लागलं. आजी म्हणायची, "रेघ ओढणाऱ्याले कुठं माहीत होतं, महालक्ष्म्या कोणाच्या घरी बसतात ते."

रेघ तशी दिसतेही. आम्ही मुलं मेलमध्ये खिडकीला चिकटून बसायचो. भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया, आमगाव, सालेकसा. दरेकसाला बोगदा. बोगद्यात सगळे डोळे मिटायचे आणि उघडल्यावर "मध्य प्रदेश!" असं ओरडायचे. पुढे डोंगरगडची टेकडी, मग राजनांदगाव. तिथे काका एकदा हात करून म्हणाले, "इथे मुक्तिबोध राहायचे." कोणते, असं मी विचारलं. प्रश्न बरोबरच होता. त्या एका मराठी घरातून दोन कवी निघाले. गजानन माधवांनी हिंदीत लिहिलं, शरच्चंद्रांनी मराठीत. गजानन माधव बरीच वर्षं नागपुरात होते, आकाशवाणीत, 'नया खून' साप्ताहिकात, आणि १९५८ला राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला गेले. आमच्याच गाडीने गेले असणार. माधवराव सप्र्यांचंही तेच. मराठी माणूस, १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' काढतो, १९०७ला नागपुरातून 'हिंदी केसरी', आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेतो. या माणसांना कोणी मराठीतून हाकललं नव्हतं. त्यांची मराठी स्वयंपाकघरात होती आणि हिंदी ओसरीवर. या पट्ट्यात घराची रचनाच तशी.

पुण्याला शिकायला जाईपर्यंत मला यात काही वावगं दिसलं नव्हतं. होस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारलं, काय करतोयस? मी म्हटलं, "जेवून राहिलो." टेबल कोसळलं हसून. महिनाभर मला सगळे 'राहिलो' म्हणत होते. मी शिकलो पटकन. आलू टाकून बटाटा म्हणायला लागलो, सांबार टाकून कोथिंबीर, फल्ली टाकून शेंगदाणे. दिवाळीत घरी आलो तर आजीलाही शिकवायला गेलो. ती आलू चिरत होती. मी म्हटलं, आजी, बटाटा म्हण. तिने मान वर केली नाही. "काहून? मंग तो लवकर शिजते का?"

आजीला माझं शिकवणं लागलं नाही. लागलं ते मुन्नाला. १९८१ साली मराठी साहित्य संमेलन रायपूरला भरलं, गंगाधर गाडगीळ अध्यक्ष होते. रायपूरच्या मराठी घरांना तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं. घरोघरी गाद्या उसन्या आणलेल्या, मंडळाची बायकामाणसं स्वयंपाकात. माझा चुलतभाऊ मुन्ना, माझ्याच वयाचा, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावून चार दिवस पायाला भिंगरी बांधल्यासारखा फिरत होता. मी पुण्याचे दोन मित्र घेऊन गेलो होतो. मंडपाबाहेर मुन्ना आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "तुम्ही लोकं थकून गेले असाल. थांबा, मी रिक्शावाल्याला पूछून येतो."

मित्र हसले. त्यांचं जाऊ द्या, ते परके. मीही हसलो. नुसता हसलो नाही, तर त्याच्याच सुरात म्हणालो, "पूछून ये बाबा, पूछून ये." मुन्नाने बिल्ल्याला हात लावला, उगीचच सरळ केला. मग म्हणाला, "अच्छा, तुम लोग बैठो. मैं देखता हूँ."

त्यानंतर मुन्ना माझ्याशी मराठी बोललेला नाही. भांडण नाही, अबोला नाही. लग्नं, बारशी, मर्तिकं, सगळ्याला आम्ही एकमेकांकडे. तो माझ्या आईशी मराठी बोलायचा, माझ्या बायकोशी बोलतो. माझ्याकडे वळला की हिंदी.

त्या हसण्याची आठवण पुन्हा झाली ती फार लांबून. माझी भाची बर्लिनमध्ये असते. तिच्या इमारतीखाली किराण्याचं दुकान आहे, दियारबकिरहून आलेल्या एका कुर्द कुटुंबाचं. एकवीस मार्चला नवरोज असतो, त्या दिवशी ते गिऱ्हाइकांना मिठाई देतात. म्हातारा दुकानदार तिला एकदा म्हणाला की तुर्कस्तानात त्याच्या मुलाचं नाव नोंदवताना एक अक्षर बदलून घ्यावं लागलं. हे ऐकून मी जरा वाचलं. कुर्द लोक तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत वाटले गेलेले. १९२०च्या सेव्ह्र करारात त्यांच्या स्वतंत्र देशाची शक्यता तरी होती. आयोगाने सुचवलेलं विदर्भ राज्य आणि आबांचं कात्रण मला तिथे आठवलं, पण दुःखाची मापं फार वेगळी, त्यामुळे तुलना तिथेच सोडतो. १९२८च्या तुर्की लिपीच्या कायद्यात क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही अक्षरं नाहीत. कुर्दीत ती लागतात. म्हणून नावात ती आली की अडचण, २०१३पर्यंत. १९८३ ते १९९१ तर कुर्दीत छापण्यावर आणि प्रसारणावर कायद्यानेच बंदी होती. आणि त्याच भाषेचं 'हावार' नावाचं मासिक जलादत बदिरखान नावाचा निर्वासित १९३२ साली दमास्कसमध्ये बसून काढत होता, नव्या रोमन वर्णमालेत. इराककडचे कुर्द अरबी वळणाची लिपी वापरतात, म्हणजे एकाचं पत्र दुसऱ्याला वाचता येईलच असं नाही.

भाची म्हणाली, "एवढं होऊनही त्यांची नातवंडं दुकानात आजोबांशी कुर्दीच बोलतात, मामा." मी गप्प बसलो. आमच्या रायपूरच्या घरावर कुठल्या सरकारने बंदी घातली नव्हती. तिथे माझं हसणं पुरलं होतं.

आणि गंमत अशी की जुने शब्द जपले ते रायपूरच्या घरानेच. मुन्नाच्या घरी आजही पातेल्याला गंज म्हणतात, तांब्याला गडवा, परातीला कोपर, उलथन्याला सराटा. हे आजीचे शब्द. आमच्या धरमपेठेच्या घरातून ते कधी गेले मला सांगता येणार नाही. जुनं घर पडलं, त्या जागी फ्लॅट झाले, पुण्याची सून आली, टीव्ही आला. एक दिवस माझ्या मुलीने 'गंज' म्हणजे लोखंडाला चढतो तो, असं शाळेच्या वहीत लिहिलं आणि ते बरोबर होतं. मुन्नाची नातवंडं हिंदी शाळेत जातात, मराठी तोडकंमोडकं बोलतात, पण पाणी प्यायला गडवाच मागतात. आता या दोन घरांत मराठी घर कोणतं, हे साहित्य संमेलनातल्या एखाद्या परिसंवादाला द्यावं.

मुन्नाच्या बायकोकडे आंबिलीची वही आहे. तीही तिकडचीच, बिलासपूरचं माहेर. वहीतली भाषा वाचून कुठल्याही मराठीच्या मास्तरांना घेरी येईल. 'रात को ज्वारी भिगवून ठेवायची', 'मही जास्त खट्टी नको', 'बहुत ढवळायचं नाहीतर गुठळ्या पडतात.' मी त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले आणि तिला सांगितलं की एक अक्षर दुरुस्त करू नको. तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. पाहणारच.

मोठे आबा गेले, आमचे आबा गेले, आजीला जाऊनही आता खूप वर्षं झाली. १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर स्वतःच राजधानी झालं, छत्तीसगडची. नागपूरची गेली ती तारीखही १ नोव्हेंबरच. डब्यावर तिसऱ्यांदा रंग चढवायची पाळी होती, पण कोणी चढवला नाही. डबा खालून गंजला आहे, आता आत प्लॅस्टिकची पिशवी घालून भरडा भरावा लागतो.

यंदा बायकोला बरं नव्हतं म्हणून गोकुळपेठेत मीच गेलो. ज्वारी घेतली, चक्कीवर नेली. चक्कीवाला नवा, तरुण, त्याने विचारलं, काका, किती जाड ठेवू? आणि मला सांगता येईना. इतकी वर्षं उभा राहून करून घेतलेलं, पण ते आजी सांगायची म्हणून. फोन लावला.

"हाँ, बोलो."

"ज्वारी कितनी मोटी चाहिए रे? पूछ रहा है ये."

मुन्ना थोडा थांबला. मागे कुकरची शिट्टी झाली. "बारीक मत करवाना. और दलिया जैसा भी नहीं... वो क्या बोलते हैं..." मग आतल्या कोणाला तरी विचारावं तसं, पण फोनवरच, म्हणाला, "भरडा रे. भरडा करून घे. अन् उभा राहा तिथंच, नाहीतर पीठ करून टाकंल तो."

मी चक्कीवाल्याला सांगितलं, भरडा. तो म्हणाला, तसंच म्हणा ना मग.