ताण आणि तंतू



मी जन्मभर मराठी शिकवली. रसायनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही आज धाग्याचा इतिहास सांगणार आहे. 'ताणाने माणूस घडतो' हे वाक्य आम्ही शिक्षकांनी वर्गात फार सहजपणे वापरले, म्हणून.

रबरासारखे पदार्थ म्हणजे लहान रेणूंच्या प्रचंड लांब साखळ्या, असे हेरमान स्टाउडिंगर यांनी १९२० साली स्वित्झर्लंडमध्ये मांडले. अनेकांना ते पटले नाही. अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांनी अशा साखळ्या हेतुपूर्वक जोडण्याचे काम हाती घेतले. एप्रिल १९३० मध्ये त्यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी वितळलेल्या पॉलिएस्टरमधून तंतू ओढला. थंड झाल्यावरही तो ओढताच कित्येक पट लांबला. आधीचा ठिसूळ, अपारदर्शक तंतू चिवट आणि चकचकीत झाला. त्यात नवे काहीच मिसळले नव्हते. गुंतवळासारख्या पडलेल्या साखळ्या ओढीमुळे धाग्याच्या दिशेने समांतर आल्या आणि भार सर्वांवर वाटला गेला. पेळूतून सूत काढणाऱ्या हातांना परिचित असलेली ही गोष्ट येथे रेणूंच्या पातळीवर घडली.

तो पॉलिएस्टर थोड्या उष्णतेलाच वितळत असल्याने कापडास निरुपयोगी ठरला. मात्र त्याच वाटेने २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन सिद्ध झाले. पुढे नेदरलंड्समधील डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेम्स्ट्रा यांनी, ज्या पॉलिएथिलीनच्या साध्या पिशव्या होतात त्याच्याच अतिदीर्घ साखळ्या विद्रावकात सैल केल्या, मग ताणल्या. वजनाच्या मानाने पोलादाहून कित्येक पट बळकट धागा निघाला.

परंतु येथे एक अट आहे. साखळ्या आखूड असतील, तर ओढताच तंतू तुटतो. हिल यांनी अभिक्रियेतील पाणी चिकाटीने काढून साखळ्या आधी लांबवल्या होत्या. ताण नंतर आला.

आणि कॅरोदर्स? दीर्घ मनोविकाराने ग्रासलेल्या त्या माणसाने २९ एप्रिल १९३७ रोजी, वयाच्या ४१व्या वर्षी, आपले जीवन संपवले. ऑक्टोबर १९३८ मध्ये नायलॉनची घोषणा झाली, तेव्हा ते नव्हते. धाग्याचा नियम माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे मी फार उशिरा शिकलो.

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, ते गुरुजी कच्च्या मुलाला थेट फळ्याशी उभे करीत नसत. आदल्या संध्याकाळी ते त्याची उजळणी घेत.