खलाशी ते सारंग : नदीवरच्या एका नोकरीचा इतिहास

नवापुरात बसून बार्जवरच्या कामगारांचा इतिहास ऐकायचा, हे काहींना जरा विचित्र वाटेल. आपली रंगावली काही मालवाहू बोटींची नदी नाही. पण ती ज्या तापीला मिळते, तिथे आज उकाई धरणाचं पाणी पसरलेलं आहे. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरांत, सरदार सरोवराचं पाणी आहे. २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातले १११ जलमार्ग नोंदवलेले आहेत. त्यात नर्मदेचा क्रमांक ७३ आणि तापीचा १००. कागदावर आपण जलमार्गांच्या जिल्ह्यात राहतो. मग या पाण्यावर बोटी चालवणारी माणसं येणार कुठून? आजचा विषय हा आहे. त्यासाठी आधी हे काम जिथे पिढ्यानपिढ्या झालं, तिथे जाऊ.

भारतात नदीवरची यांत्रिक वाहतूक सुरू झाली ती ओढण्याच्या कामापासून. १८३४ पासून कलकत्ता ते अलाहाबाद अशी आगबोटींची नियमित सेवा सुरू झाली. पुढे इंजिनाची बोट, आणि तिच्यामागे दोराने बांधलेली, स्वतःचं इंजिन नसलेली सपाट बोट. प्रवासी आणि माल त्या मागच्या बोटीत. ऐकायला सोपं वाटतं ना? पण पुढची बोट थांबली तरी मागची थांबत नाही, ती येऊन आदळते. आणि ताणलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा परततो. म्हणून ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, हा नव्या खलाशाचा पहिला धडा.

मराठी माणसाला जवळचं उदाहरण गोव्याचं. १९५० नंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवं होतं आणि ते गोव्याच्या डोंगरांत होतं. खाणी आत, मुरगाव बंदर समुद्रावर, आणि मधे मांडवी आणि जुवारी या दोन नद्या. आधी गलबतं, पडाव, लाँचने ओढायच्या बार्जेस, आणि मग स्वतःचं इंजिन असलेल्या लोखंडी बार्जेस आल्या. सारमानस, आमोणे, सावर्डे, कुडचडे इथल्या धक्क्यांवर माल भरायचा आणि मुरगावला किंवा नांगरलेल्या जहाजाजवळ नेऊन उतरवायचा. १९७९ मध्ये मुरगावला खनिज हाताळणारी यांत्रिक व्यवस्था आली आणि कामाचा वेग वाढला. पुढे एकेक बार्ज हजार, दोन हजार टन नेऊ लागली. म्हणजे दीड-दोनशे ट्रकचा माल एका खेपेत!

आता या नोकरीची चढण पाहा. मुलगा खलाशी म्हणून चढतो. दोर, नांगर, धुणं-पुसणं, रंगकाम, कधी स्वयंपाकही. मग सुकाण्यावर उभं राहायला मिळतं. मग सारंग, त्यापुढे मास्टर. इंजिनाकडे गेला तर तेलवाला आणि पुढे ड्रायव्हर. 'सारंग' हा शब्द फारसीतून आला, तिथे त्याचा अर्थ सेनेतला अधिकारी. खलाशापासून सारंगापर्यंत जायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं पाण्यावरच काढावी लागतात.

ही वर्षं कशात जातात? एक उदाहरण देतो. पश्चिम किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. हे तुम्हीही आत्ता शिकलात. पण ही वेळ समुद्राजवळची. भरती मांडवीत जवळपास पन्नास किलोमीटर आत शिरते आणि वरच्या धक्क्यावर उशिरा पोचते. किती उशिरा, हे प्रत्येक वळणाला वेगळं. त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण वेगळं आणि अष्टमीच्या आसपासचा भांग वेगळा. शिवाय भरलेल्या बार्जला ब्रेक नसतो. ओघाबरोबर उतरताना सुकाणूही कमी ऐकतं. वळण दिसल्यावर वळवायला घेतलं, तर उशीर झालेला असतो.

पावसाळ्यात तर परीक्षाच. मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूचा दांडा आहे. खवळलेल्या समुद्रात तिथून भरलेली बार्ज नेता येत नाही. मग ती कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत आणि तिथून मुरगावला. हा कालवा सुमारे १७ किलोमीटरचा, अरुंद, मगरींसाठी प्रसिद्ध. पाणी कमी असेल तर भरतीची वाट पाहत थांबायचं. एकदा रुतलात, तर मागच्या सगळ्यांची वाट अडली.

आम्ही तत्त्वज्ञानवाले इथे गिल्बर्ट राइलची आठवण काढतो. १९४९च्या त्याच्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या पुस्तकात त्याने एक भेद केला. एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं. दुसरं पहिल्यातून आपोआप निघत नाही. तिथीचा हिशेब हे पहिल्या प्रकारचं ज्ञान. कुंभारजुवेच्या वळणावर रात्री सुकाणू कधी फिरवायचं, हे दुसऱ्या प्रकारचं. ते एका माणसाशेजारी दुसरा माणूस उभा राहूनच पुढे जातं.

कायद्याने हे अर्धवट ओळखलं. १९१७च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने मास्टर, सारंग, इंजिन ड्रायव्हर यांना परीक्षा आणि प्रमाणपत्रं ठरवून दिली. पण कारभार राज्याराज्याचा; दुसऱ्या राज्याच्या पाण्यात जायचं तर तिथली मान्यता हवी. समुद्रावरच्या जहाजांचा कायदा तर वेगळाच. प्रमाणपत्र देशभर चालेल अशी तरतूद २०२१च्या नव्या कायद्याने केली.

पण त्याआधीच घाव बसला होता. सप्टेंबर २०१२ मध्ये गोवा सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. बेकायदा उत्खनन हे त्याचं कारण, आणि ते खरं होतं. डोंगर आणि शेतं यांचंही नुकसान झालं होतं. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली. २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि काम पुन्हा थांबलं. काही बार्जेस दुसऱ्या राज्यांत गेल्या, काही भंगारात. निकाल योग्य म्हणूनही एक विचारावं लागतं : सारंगाने काय करावं? खनिज जमिनीत टिकून राहतं, दहा वर्षांनीही काढता येतं. हातातलं कसब असं साठवून ठेवता येत नाही. नवा खलाशी शेजारी उभा राहिला नाही, तर ते त्या माणसाबरोबर संपतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. गोव्यात नदी आधी होती, तिच्यासोबत माणसं घडत गेली. आपल्याकडे पाणी धरणाने आणलं. ज्यांची शेतं बुडाली, त्यांनाच दवाखान्याला, बाजाराला नावेने जावं लागलं. नर्मदेकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना चालवावा लागला. २०१९च्या मकरसंक्रांतीला धडगाव तालुक्यात भुषा इथे माणसांनी भरलेली नाव उलटली आणि त्यात लहान मुलंही गेली. नावेत किती माणसं घ्यायची आणि कधी 'नाही' म्हणायचं, हेही सारंगाच्याच कामाचं अंग आहे. ते 'नाही' म्हणायला अधिकार लागतो, आणि तो शिक्षणातून आणि हुद्द्यातून येतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जलमार्ग राजपत्रात एका दिवसात जाहीर होतो, सारंग व्हायला मात्र दहा-पंधरा वर्षं लागतात. २०१२ साली चाळिशीत असलेला सारंग आता निवृत्तीला आला आहे. आपल्या बुडित गावांतल्या पोरांना अशा माणसांच्या हाताखाली खलाशी म्हणून उभं करायचं असेल, पगार देऊन आणि प्रमाणपत्रापर्यंत नेऊन, तर ते आत्ताच करायला हवं. भरती-ओहोटी आपल्याकडे नाही, खरंय. पण वारा आहे, पाण्याखाली बुडालेली झाडं आहेत, धरणाचं पाणी चढतं-उतरतं आहे. त्यांची वळणं या पोरांना आधीच माहीत आहेत. त्यांना शेजारी उभं राहून शिकवणारा माणूस तेवढा हवा आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.