दादाभाई पार्लमेंटला का उभे राहिले?

1886 च्या उन्हाळ्यात दादाभाई नौरोजी लंडनच्या होबर्न मतदारसंघातून पार्लमेंटची पहिली निवडणूक लढले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. एल्फिन्स्टन कॉलेजातली प्राध्यापकी, बडोद्याची दिवाणगिरी, मुंबईच्या कायदेमंडळाचे सदस्यत्व हे सारे त्यांच्या पाठीशी होते. मानासाठी त्यांना पार्लमेंटची गरज नव्हती. त्यांच्या उमेदवारीमागचे कारण कारभाराच्या रचनेत सापडते. 1858 नंतर हिंदुस्थानचा अंतिम अधिकार लंडनच्या भारतमंत्र्याकडे गेला आणि तो जबाबदार होता फक्त पार्लमेंटला. त्याच्या कचेरीचा खर्च मात्र हिंदुस्थानच्या तिजोरीतून जाई. हिंदुस्थानचा अर्थसंकल्प पार्लमेंटच्या अधिवेशनाच्या अखेरीस, रिकाम्या बाकांपुढे उरकला जाई. पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानची बाजू नेटाने मांडणारे हेन्री फॉसेट 1884 मध्ये वारले. पुढच्या वर्षी नारायण गणेश चंदावरकर आणि त्यांचे दोन सहकारी इंग्लंडमध्ये सभा घेऊन आले. पण मतदारांपुढे गाऱ्हाणे मांडून परतणे वेगळे आणि सभागृहात उभे राहून मंत्र्याला जाब विचारणे वेगळे. त्याच 1885 मध्ये लालमोहन घोष हे हिंदी उमेदवार पार्लमेंटच्या निवडणुकीत डेप्टफर्डमध्ये पडले होते, तरी दादाभाईंनी तीच वाट धरली.

670 सभासदांत एकटा माणूस काय करणार, हा आक्षेप रास्त आहे. होबर्नमध्ये तर 3651 विरुद्ध 1950 मतांनी ते हरलेच; आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावर त्यांचा लिबरल पक्ष दुभंगला होता आणि प्रचाराला हाताशी जेमतेम काही आठवडे होते. 1892 मध्ये मात्र सेंट्रल फिन्सबरीतून ते अगदी निसटत्या मतांनी निवडून आले. सनदी सेवेची परीक्षा तेव्हा फक्त लंडनमध्ये होई, म्हणजे समुद्रप्रवासाचा खर्च झेपेल त्यालाच ती देता येई. ती हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी, हा ठराव जून 1893 मध्ये सभागृहात 84 विरुद्ध 76 मतांनी मंजूर झाला. 1895 च्या वेल्बी आयोगावर दादाभाईंची नेमणूक झाली, आणि हिंदुस्थानच्या खर्चाची उलटतपासणी करणाऱ्यांत एक हिंदी माणूस बसला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1897 मध्ये साक्ष दिली ती याच आयोगापुढे.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे: परक्या पार्लमेंटमध्ये जागा मागणे म्हणजे परक्या सत्तेला मान्यता देणे. सरकारने तो मंजूर ठरावही अमलात आणला नाही, हे या आक्षेपाला बळच देते. पण सनदशीर मार्ग कुठवर नेतो, हे तो मार्ग अखेरपर्यंत चालल्याशिवाय कोणाला ठामपणे सांगता आले असते? घरबसल्या केलेली टीका राज्यकर्त्यांनी अडाणीपणाची म्हणून झटकली असती. सभागृहाचे बहुमत मिळवूनही पदरी काही पडले नाही, या अनुभवाला मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हते. 1906 मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये अध्यक्ष म्हणून दादाभाईंनी स्वराज्याची मागणी केली. तिचे वजन त्यांच्या वयामुळे नव्हते. ब्रिटिश न्यायबुद्धीची परीक्षा तिच्याच घरात घेतलेल्या माणसाची ती मागणी होती, आणि म्हणूनच होबर्नची हरलेली निवडणूक आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासात मोजली पाहिजे.