संकासुराचा काळा रंग

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते आणि पात्र कोणाकडे एवढे ठरते. पुढचे संवाद नट पायपेटी, मृदंग आणि झांजेच्या साथीने उभ्या उभ्या रचतो. ही कला श्यामजी नाईक काळे यांनी 1728 मध्ये दक्षिण कोकणात आणली, असे परंपरा सांगते. तेव्हापासून मालवण, वेंगुर्ले, कुडाळच्या देवळांपुढे जत्रेच्या रात्री जे बोलले गेले, ते पहाटेबरोबर विरून गेले. व्हिडिओ कॅमेरा आला आणि एखाद्या रात्रीचा खेळ जसाच्या तसा राहण्याची शक्यता निर्माण झाली. नाटक लिहिलेले असते तेव्हा चित्रण पुसट झाले तरी पुस्तक राहते. इथे चित्रण हीच संहिता आहे. म्हणून ते एका स्वरूपातून दुसऱ्यात नेताना काय गळले, हा प्रश्न या कलेच्या इतिहासाचा आहे. माझे म्हणणे असे की कॅमेऱ्यापेक्षा आणि कॅमेरा धरणाऱ्यापेक्षा अधिक नुकसान रूपांतरांनी केले, आणि ज्या गोष्टींवर दशावतार उभा आहे त्याच गोष्टी त्यात आधी गेल्या.

सुरुवात व्हीएचएस कॅसेटपासून करावी लागते. या कॅसेटवर आडव्या दिशेने चित्राचा तपशील साधारण 240 रेषांइतका मावतो. रंगाचा तपशील तर जेमतेम 40 रेषांचा. लाल रंग सर्वांत आधी पसरतो. राजाच्या लाल-सोनेरी पेहरावाची कडा गालापर्यंत ओघळलेली दिसते ती त्यामुळे. मूळ कॅसेटवरून प्रत, प्रतीवरून आणखी प्रत काढली की प्रत्येक पायरीला हा ओघळ वाढतो आणि चित्रात मुंग्या येतात. शिवाय कोकणची हवा: पावसाळ्यातले दमट महिने फितीवर बुरशी आणतात आणि चुंबकीय थर धरून ठेवणारा गोंद खराब करतात. तरीही मूळ कॅसेटमध्ये एक मोलाची गोष्ट असते. भारतातल्या पाल पद्धतीत सेकंदाला 50 अर्धचित्रे नोंदली जातात, एका वेळी सम ओळी, पुढच्या वेळी विषम. युद्धनृत्यात नट गिरकी घेतो तेव्हा त्याच्या हालचालीचे सेकंदाला 50 क्षण त्या फितीवर असतात.

व्हिडिओ सीडीने नेमके हेच कापले. 1993 मध्ये ठरलेल्या तिच्या मानकानुसार आपल्याकडचे चित्र 352 गुणिले 288 बिंदूंचे, म्हणजे 720 गुणिले 576 च्या पूर्ण चित्राच्या सुमारे चौथाई. दोन अर्धचित्रांपैकी एक टाकून द्यायचे, त्यामुळे हालचालीचे क्षण 50 चे 25 झाले. चित्रासाठी सेकंदाला 1150 किलोबिट ठरलेले; दृश्य शांत असो वा धुमश्चक्रीचे, त्यात वाढ नाही. धावपळ आली की चित्राचे चौकोन फुटू लागतात. अंधाराचे हाल याहून वाईट. मुख्य आख्यानाआधीच्या आड दशावतारात वेद चोरणारा संकासुर काळ्या वेषात येतो, आणि मागे असते रात्र. काळ्यातल्या बारीक छटा डोळ्याला कमी जाणवतात, म्हणून आकुंचन करणारी यंत्रणा त्या आधी टाकते. परिणामी संकासुराचे अंग, त्याच्या वस्त्राच्या घड्या आणि मागचा अंधार मिळून एकच काळा डाग होतो. मालवणीतले त्याचे बोलणे ऐकू येते, पण त्या बोलण्याला साथ देणारे शरीर नाहीसे झालेले असते. त्यातच एका सीडीवर सुमारे 74 मिनिटे मावतात. सहा तासांच्या खेळाला पाच सीडी लागल्या असत्या. कापाकापी मग अटळच, आणि कथेच्या दृष्टीने आड दशावतार वगळणे सर्वांत सोपे. मापाची मर्यादा अशी थेट आशयात शिरते.

पुढचा टप्पा इंटरनेटचा. 2005 मध्ये सुरू झालेल्या यूट्यूबवर तेव्हा चित्र 320 गुणिले 240 चे दिसे. 2006 पासून सर्वसाधारण खात्यांना दहा मिनिटांची मर्यादा आली, 2010 च्या जुलैत ती पंधरा मिनिटे झाली, आणि त्याच वर्षाअखेर ठरावीक खात्यांसाठी उठली. या काळात लांब खेळ चढवायचा तर त्याचे तुकडेच करावे लागत. तुकडा संवादाच्या मध्यावर पडला की उत्तर पुढच्या भागात जाते, आणि दोन नटांची जुगलबंदी ही ज्या कलेची जान, तिच्यावर याहून मोठा घाव नाही. त्याहून खोल नुकसान साखळीने होते: कॅसेटवरून सीडी, सीडीवरून फाइल, फाइलवर यूट्यूबचे स्वतःचे आकुंचन. तिथे चढवलेली प्रत्येक फाइल पुन्हा आकुंचित होतेच, त्यामुळे आधीच फुटलेले चौकोन ती यंत्रणा तपशील समजून जपत बसते आणि खरा तपशील आणखी गमावते. त्यातच 4:3 चे चित्र 16:9 मध्ये ताणले, तर सडपातळ स्त्रीपात्रही रुंद दिसते.

यावर पहिला आक्षेप असा की दशावतार जत्रेतच पाहायचा असतो. देवळाचे आवार, थंडी, शेजारचा प्रेक्षक हे काही कॅमेऱ्यात येत नाही, मग बिंदू कशाला मोजायचे? जत्रेची जागा चित्रण घेणार नाही, हे मला मान्य आहे. पण नट गेल्यावर त्याची शब्दफेक, त्याची गिरकी अभ्यासायला नव्या कलावंताकडे दुसरे साधन नाही. दुसरा आक्षेप मोबाइलचा: एवढ्याशा पडद्यावर फरक कोणाला दिसतो? चौकोन फुटलेला अंधार लहान पडद्यावरही दिसतो, आणि आजच्या पडद्यासाठी केलेली प्रत उद्याच्या पडद्याला पुरत नाही. खर्चाचा आक्षेप मात्र त्या काळापुरता पूर्ण खरा आहे. पाच सीडींचा संच कोण विकत घेणार होते? ज्यांनी तेव्हा कापून का होईना खेळ घरोघर पोहोचवले, त्यांना दोष देणे अन्याय होईल. आज डीव्ही या डिजिटल स्वरूपात एका तासाची फाइल सुमारे 13 जीबी होते, सहा तासांचा खेळ 78 जीबीत बसतो. बाजारातल्या साध्या हार्डडिस्कवर असे कितीतरी खेळ मावतात. राहिला कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र स्वच्छ करण्याचा मार्ग. ती यंत्रणा हरवलेल्या जागी अंदाजाने काहीतरी भरते. संकासुराच्या वस्त्राला ती घड्या देईलही, पण त्या त्या रात्रीच्या नसतील.

काम करण्याची रीत अवघड नाही. सीडी बाजूला ठेवून मूळ कॅसेट शोधावी आणि बुरशी असेल तर यंत्रात घालण्याआधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. अर्धचित्रांसह पूर्ण मापाची फाइल करून संकलित प्रत त्याच दर्जात जपावी. इंटरनेटसाठीची प्रत दरवेळी तिच्यावरूनच काढावी: अर्धचित्रे नीट जोडून सेकंदाला 50 चित्रांची, 4:3 चे प्रमाण राखलेली, आणि एच.264 या आकुंचन-पद्धतीत ठरावीक बिटऐवजी ठरावीक दर्जा मागणारी, म्हणजे अंधाराला आणि युद्धाला हवे तेवढे बिट मिळतात. चढवण्याआधी चित्राचे माप वाढवले तर यूट्यूबही त्याला अधिक बिट देते. खरी घाई यंत्रांची आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई हिने 2016 च्या जुलैत उत्पादन थांबवले. चालू स्थितीतली यंत्रे आता घटतच जाणार. ज्या देवस्थानांकडे, मंडळांकडे किंवा घरांत दशावताराच्या मूळ कॅसेटी असतील, त्यांनी पुढच्या पावसाळ्याआधी त्या बाहेर काढाव्यात, आणि फाइल झाली तरी कॅसेट फेकू नये.