राजाचे कमिशन आणि मुंबईचा वैमानिक : श्रीकृष्ण वेलिणकर (१८९४-१९१८)

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय परदेशी रणांगणांवर गेले. महाराष्ट्रातील अनेक गावांत, येथून किती माणसे त्या युद्धावर गेली हे सांगणाऱ्या स्मृतिशिळा आजही दिसतात. हा इतिहास प्रामुख्याने पायदळाचा आहे. आकाशात लढलेल्या भारतीय वैमानिकांत मात्र हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर ही चारच नावे ठळकपणे पुढे येतात. त्यांपैकी वेलिणकरांचे नाव मराठी वाचकालाही अपरिचित असावे, ही खेदाची बाब होय.

या तरुणांपुढील पहिला अडथळा शत्रूचा नव्हता. रॉयल फ्लाइंग कोअरचा वैमानिक बहुधा अधिकारी असे आणि अधिकारीपदासाठी राजाचे कमिशन लागे. वैद्यकीय सेवेसारखा अपवाद सोडल्यास भारतीयांना ते मिळत नसे. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या मलिक यांनी प्रथम फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवली. फ्रान्सचे वायुदल त्यांना घेण्यास तयार झाल्यावरच ब्रिटिशांचे दार उघडले व एप्रिल १९१७ मध्ये त्यांना कमिशन मिळाले. केंब्रिजमध्ये शिकलेले वेलिणकरही त्याच वर्षी अधिकारी झाले. मात्र हे कमिशन तात्पुरते, युद्धाच्या गरजेपुरते होते. वैमानिकांचा तुटवडा नसता तर ते मिळाले असते काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

त्या काळचे उड्डाण-प्रशिक्षण हीच एक जीवघेणी परीक्षा होती. आघाडीवर पोहोचण्यापूर्वीच असंख्य शिकाऊ वैमानिक अपघातांत मृत्युमुखी पडत. विमान गरगरत खाली येऊ लागले की त्यातून सुटण्याची रीत पुष्कळ शिक्षकांनाही अवगत नव्हती. १९१७ मध्ये गॉसपोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी ही पद्धत बदलली. विमान मुद्दाम गिरकीत घालायचे व विद्यार्थ्याकडूनच ते सावरून घ्यायचे, असा त्यांचा आग्रह होता. धुळे-शिरपूर परिसरात विमानचालन शिकलेल्या आजच्या विद्यार्थ्याला कानावरील यंत्रातून शिक्षकाचा आवाज ऐकू येतो. तेव्हा त्यासाठी दोघांमध्ये रबरी बोलनळी असे.

१९१८ मध्ये वेलिणकर फ्रान्समध्ये २३ व्या स्क्वाड्रनमध्ये होते. या तुकडीकडे सॉपविथ डॉल्फिन विमाने होती. डॉल्फिनमध्ये वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर असे. त्यामुळे वरचे व पुढचे आकाश स्वच्छ दिसे, पण उतरताना विमान उलटले तर मान मोडण्याची भीती असे. हवाई छत्रीही ब्रिटिश वैमानिकांना दिली जात नव्हती. मार्चमधील जर्मन चढाई आमियाँ शहराजवळ थोपवली गेली होती आणि त्या आघाडीवर रोज गस्त चाले. २७ जून १९१८ रोजी अशाच गस्तीवर गेलेले वेलिणकर परतले नाहीत. ३० जून रोजी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, जर्मनांच्या ताब्यात असताना जखमांमुळे त्यांचा मृत्यू झाला. जर्मन नोंदीत त्यांचे आडनाव ओळखू न येण्याइतके बदलले होते. त्यामुळे कबरीची ओळख युद्ध संपल्यानंतरच पटली. आमियाँजवळील हँगार्ड येथील युद्धदफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत.

त्याच जुलैत रॉय यांनी ६ ते १९ तारखेदरम्यान दहा हवाई विजय मिळवले. २२ जुलैला तेही कोसळले. इतिहासाने रॉय यांना लक्षात ठेवले ते या आकड्यामुळे. परंतु विजयांची मोजदाद हा एकच निकष लावल्यास वेलिणकरांसारख्यांचे महत्त्व हरवते. भारतीय मनुष्य लढाऊ विमान चालवू शकतो की नाही, हा प्रश्न या चौघांनी मिळून निकालात काढला होता. तरीही शांतता प्रस्थापित होताच ब्रिटिश वायुदलाचे दार भारतीयांसाठी पुन्हा बंद झाले. क्रॅनवेलच्या वायुदल महाविद्यालयात भारतीय छात्रांची पहिली तुकडी दाखल होण्यास १९३० साल उजाडले आणि भारतीय वायुदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. तेव्हा वेलिणकरांच्या मृत्यूला चौदा वर्षे लोटली होती.