जांभा आणि मुरणारे पाणी

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी साधारणतः ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आणि त्याच जिल्ह्यातील कित्येक वाड्यांना वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. या विसंगतीची कारणे बहुधा तीव्र उतार, चारच महिन्यांचा पाऊस आणि समुद्राचे सान्निध्य यांत शोधली जातात. ती खरी आहेत, परंतु पुरेशी नाहीत. जमिनीत शिरलेल्या पाण्याचे पुढे काय होते, हे खडकातील छिद्रांच्या आकारमानावर फार अवलंबून असते. ही गोष्ट शास्त्राला टप्प्याटप्प्याने उमगत गेली. त्या ज्ञानाचा इतिहास कोकणातील जांभ्याशी ताडून पाहिला असता या विसंगतीचा बराचसा उलगडा होतो.

जांभ्याला शास्त्रीय वाङ्मयात स्थान मिळाले ते फ्रान्सिस बुकॅनन याच्यामुळे. १८००-०१ साली त्याने म्हैसूर, कानडा व मलबार या प्रदेशांत प्रवास केला, आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात मलबारातील या दगडास ‘लॅटराइट’ हे नाव दिले. त्याचे मूळ विटेच्या लॅटिन नावात आहे. खाणीत असताना हा दगड लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि हवेत उघडा पडल्यावर कठीण होतो, हे बुकॅननने नमूद केले. कोकणातील चिरे घडविणाऱ्यांना हा गुण अर्थातच पूर्वापार ठाऊक होता. ‘जांभा’ हे मराठी नाव दगडाच्या रंगावरून आले असे मानले जाते. तेव्हा एका भाषेने त्याचा उपयोग पाहिला, दुसरीने रंग. सच्छिद्रतेचा निर्देश मात्र दोन्ही नावांत नाही.

तो निर्देश मराठीत क्रियापदांनी केला आहे. पाणी ‘वाहते’, ‘झिरपते’, ‘पाझरते’, ‘जिरते’ आणि ‘मुरते’. झिरपणाऱ्या व पाझरणाऱ्या पाण्याला पुढे वाट आहे. मुरलेले पाणी आत असते, पण हाती लागत नाही. ‘पाणी कोठे तरी मुरते आहे’ या वाक्प्रचाराचा सारा संशय याच अनुभवावर उभा आहे.

युरोपातील शास्त्रज्ञांनी हाच भेद मापाने पकडला. केशनलिका जितकी अरुंद तितके पाणी तीत अधिक उंच चढते, हा नियम जेम्स ज्युरिन याने १७१८ साली मांडला. त्याची उपपत्ती १८०५ साली टॉमस यंग व १८०६ साली लाप्लास यांनी दिली. एक मिलिमीटर व्यासाच्या काचनळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते. व्यास शंभरपट कमी केला तर ही उंची सुमारे ३ मीटर भरते. पुढे हागेन व प्वाझय यांनी अरुंद नळ्यांतील प्रवाहाचे मापन केले. त्यांच्या नियमाप्रमाणे एकूण पोकळी तेवढीच ठेवून नळ्यांचा व्यास दहापट कमी केला, तर त्याच दाबाखाली प्रवाह शंभरपट घटतो. १८५६ साली फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा अहवाल लिहिताना आंरी दार्सी याने वाळूतून जाणाऱ्या पाण्याचा नियम सिद्ध केला, आणि भूजलाच्या गणिताचा पाया घातला गेला.

आता सड्याची रचना पाहावी. वर जांभ्याचा थर. त्यातील छिद्रे व नळ्या डोळ्यांना दिसण्याइतक्या मोठ्या. त्याखाली पुष्कळ ठिकाणी मऊ, फिकट रंगाची चिकणमाती, आणि तिच्याखाली ज्याच्या झिजेतून हे थर बनले तो काळा दगड. पावसाचे पाणी जांभ्यातून त्वरेने खाली उतरते, मातीच्या थरापाशी अडते आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. मोठ्या छिद्रांतले पाणी असे लवकर निघून जाते. उलट, चिकणमातीच्या घनफळाचा चाळीस-पन्नास टक्के भाग पोकळी असू शकतो. परंतु ती पोकळी अतिसूक्ष्म असल्यामुळे तीतील पाण्याचा अगदी अल्प अंश विहिरीस मिळतो. जांभा पाणी देतो पण राखत नाही. माती राखते पण देत नाही.

राखलेले पाणी निरुपद्रवी असतेच असे नाही. १९२०-३० च्या दशकात कार्ल टेर्झागी याने दाखविले की छिद्रांतील पाण्याचा दाब वाढला म्हणजे मातीच्या कणांवरील परिणामी दाब घटतो आणि तिची बळकटी कमी होते. रत्नागिरीतून जाणारी कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, त्यापूर्वी गोव्यातील पेडणे बोगद्याचे काम अशाच ओल्या, मऊ मातीने दीर्घकाळ रखडविले होते. जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी शिरून वाहतूक बंद ठेवावी लागली.

सूक्ष्मतेच्या अखेरच्या पायरीवर तर पाण्याचा स्वभावच पालटतो. सुमारे एक नॅनोमीटर उंचीच्या फटीत कोंडलेल्या पाण्याचा विद्युत्-पारकांक, जो एरवी ८० च्या आसपास असतो, तो २ पर्यंत उतरतो, असे २०१८ साली मँचेस्टर येथील संशोधकांनी मोजून दाखविले. पृष्ठभागाला लगटलेले रेणू विद्युत्क्षेत्राप्रमाणे वळण्याचे स्वातंत्र्य गमावतात, हे त्याचे कारण होय.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाली. सड्यावर तिला एक पुस्ती जोडणे अवश्य आहे. जिरलेले पाणी कोणत्या थरात गेले आणि तेथून ते किती दिवसांनी बाहेर पडते, याची नोंद झऱ्याझऱ्यावर व्हावयास हवी. चिऱ्यांसाठी सडा खणला जातो तेव्हा दगडाबरोबर पाणी देणारा थरही उचलला जातो, आणि मागे उरते ती न देणारी माती. खाणीचा हिशेब चिऱ्यांच्या संख्येत मांडला जातो. त्या हिशेबात पायथ्याच्या झऱ्याचे वैशाखातले पाणीही धरले पाहिजे.